कप्तानाच्या वाट्याचं दुखणं

सोमवार, ४

आले एकदाची. दादाने गाडीत बसवताना बजावलं होतं की म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहायच्या म्हणजे निम्मा वेळ खोकला ऐकायचा. पण घर छान आहे. चढावरच्या गल्लीतलं शेवटचं. टेबल भक्कम, उजेड भरपूर. वर्तमानपत्राच्या कचेरीत इतकी वर्षं कोपऱ्यात बसून दुसऱ्यांच्या बातम्या सुधारल्यावर हा मला राजवाडाच वाटतो आहे.

कप्तान ऐंशीच्या पुढचे. डाव्या पायाने लंगडतात आणि घोगरं, कुजबुजल्यासारखं बोलतात. तरुणपणी त्यांनी कुणी न पाहिलेली बर्फातली खिंड ओलांडली, वाळवंटाचा नकाशा काढला, मग युद्धात लढले आणि छातीत गोळी घेऊन परतले. नाव मात्र कुणाला ठाऊक नाही. पदकं बिस्किटांच्या डब्यात पडली आहेत. मी हळहळले, तर म्हणाले की लोकांना गोष्ट हवी असते, सोसणं नको असतं.

घर त्यांची लेक सांभाळते. पन्नाशीची, तुटक बोलणारी. एका कानाने तिला ऐकू येत नाही. वडील बोलायला लागले की ती दुसऱ्या कानावर तळवा दाबून बाहेर जाते. मला जरा उद्धटपणाच वाटला.

बुधवार, ६

खिंडीची गोष्ट झाली. काय सांगतात! मी चहा प्यायला विसरले. सोबतचा स्वयंपाकी बर्फात बसला तो उठलाच नाही. कप्तानांनी त्याचे मोजे काढून घेतले, तरी डाव्या पायाची बोटं गेलीच. आधी टाचण्या टोचतात, म्हणाले, मग काहीच वाटेनासं होतं, आणि ते काहीच न वाटणं सगळ्यात वाईट. हे सांगताना ते माझ्या पायाकडे बघत होते.

दुपारी उकडत होतं. माझं डावं पाऊल मात्र गार. स्वतःलाच हसले आणि मोजा चढवला.

शुक्रवार, ८

डाव्या पायाची बोटं काळी पडली आहेत. डॉक्टर येऊन गेले. कुठल्या डोंगरावर गेला होतात, असं विचारलं. मी म्हटलं, मी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही. त्यांना ती थट्टा वाटली, चिडले.

ते पट्टी बांधत असताना कप्तान जिना उतरून आले. काठी नव्हती. लंगडणं नव्हतं. जुने बूट मागितले. लेकीने मान वर न करता ते पुसून दिले.

शनिवार, ९

आज तिला गाठलंच. ती ताटं पुसत होती, मी धडधाकट पायावर भार देऊन तिचा पदर धरला. कान लहानपणीच गेला म्हणाली. वडिलांनी मांडीवर बसवून तोफांच्या माऱ्याची गोष्ट सांगितली होती. त्या दिवसापासून त्यांचा कान बरा झाला.

आणि आई?

“आईला त्यांनी नदीत बुडता बुडता वाचल्याचं सांगितलं. ती अंथरुणातच गेली. गादी ओलीचिंब होती.”

मग मला कशाला बोलावलंत, असं विचारलं. “त्यांनी त्या गोष्टी मला सांगू नयेत म्हणून,” ती म्हणाली आणि पुढचं ताट उचललं.

उद्या निघते. पाय ओढत का होईना.

रविवार, १०

दादाला फोन लावत होते. कप्तान शेजारी येऊन बसले. खुर्ची माझ्या पायावर टेकवली. उठता येईना. वाळवंट सांगायला लागले. विहीर कोरडी, उंट मेलेला, जीभ टाळूला चिकटलेली. प्रेमाने सांगत होते, लहान मुलाला भरवावं तसं.

दादा पलीकडून हॅलो हॅलो करत होता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. फोन बिघडलाय असं म्हणून त्याने ठेवून दिला.

सोमवार, ११

पाणी पिते. घशाखाली उतरतं, तहान जात नाही. ओठ फाटलेत. आवाज नाही.

कप्तान व्हरांड्यात गात आहेत. खणखणीत. केससुद्धा काळे —

मंगळवार, १२

बसत बसत जिना उतरले. लेक दारात उभी होती. मी हात जोडले. तिने किल्ली फिरवली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. मला खोलीत परत आणून बसवलं, पाठीला उशी लावली, बाहेरून कडी घातली.

आता दाराबाहेर खुर्ची सरकली. युद्ध राहिलंय, म्हणतात. शेवटचंच.

कानांत कापूस कोंबलाय. तरी येतं ऐकू. माझं स्वतःचं काहीतरी लिहीत राहिलं तर त्यांचं आत येणार नाही. लिहिते. दादाने मला सायकल शिकवली. सुट्टी होती. मी निळा फ्रॉक घातला होता. दादा मागून धरून पळत होता, सोडू नको म्हणत होते मी. गल्ली सरळ होती, पुढे पूल —

नाही. पूल नव्हता. आमच्या गल्लीत पूल नव्हता. वाण्याचं दुकान होतं. मी दुकानाजवळ पोचले. धूर होता. माणसं पळत — नाही. दादा हसत होता. हसत होता. सोडलं त्याने, आणि मी एकटीच पुढे. कठड्यामागे कुणीतरी ओणवं —

दादा, हाक मारली. वळून पाहिलं. त्याने खांद्याला लावली होती ती सायकल नव्ह— आणि माझ्या छातीत