उलट बोलायचं काम नाही

सोमवार, ३ तारीख. सकाळी आठ.

वही नातीने दिली. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, आजी, राग आला की हात उचलायचा नाही, लिहून काढायचं. प्रेशर चढलंय म्हणे. आकडा ऐकला आणि सांगितलं, बाई, तुमचं मशीन बिघडलंय, द्या इकडे, उघडून बघते. नको म्हणाल्या. तरी उघडलं. आता खरंच बिघडलंय.

तर आजपासून कोणावर हात उगारायचा नाही. ठरलं.

सोमवार, दुपार.

मुलाने गॅरेजमध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं की रेडा भंगारात जाणार. रेडा म्हणजे ह्यांनी घेतलेला पहिला ट्रक. लांब नाकाडाचा. माझ्या लग्नाइतका जुना आणि लग्नापेक्षा बरा चाललेला. हे गेले, त्यानंतर अकरा वर्षं कोपऱ्यात उभा आहे. तिथे मुलाला गाड्या धुवायचं यंत्र बसवायचंय.

मी म्हटलं, रेडा चालतो.

तो म्हणाला, चालतो ना? मग रविवारी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर काढून दाखव. तोवर कोणी हात लावणार नाही त्याला. नाहीतर सोमवारी कटरवाले येतील.

मी म्हटलं, नाही निघाला तर गॅरेजच्या चाव्या तुझ्या, मी घरी बसते.

बोलून गेले. बोलले ते बोलले. निघणारच आहे. माझ्या हाताखालून गेलेलं इंजिन मला कधी दगा देत नाही.

आमच्यात वाटणी आहे. इंजिन माझं, चाकं भाऊजींची. भाऊजी म्हणजे माझा धाकटा दीर. धाकटा म्हणजे एकाहत्तरचा. या खेपेला त्यांची मनधरणी करणार नाही. चाकंही मीच करणार. चाकात असतं काय? गोल असतं.

मंगळवार, ४.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. त्याआधीचे तेरा झटके धरले नाहीत, ते गरम करायला होते. धूर आधी पांढरा, मग निळा, मग शेजारच्यांची तक्रार.

गिअर टाकला तर रेडा जागचा हलेना. पुढच्या डाव्या चाकाला ब्रेकने धरून ठेवलंय. चाक काढायचं, ड्रम उघडायचा, ब्रेक सोडवायचा. उद्या दहापर्यंतचं काम.

हात बसावा म्हणून आधी उजवीकडचं चाक काढून लावलं. आठही नट नव्या सुनेसारखे निमूट आले.

कोणाला मारलं नाही. मुलाला ढकललं, पण ते रस्त्यातून बाजूला हो म्हणून.

बुधवार, ५. दहा वाजून गेले.

डावीकडचा एक नट हलेल तर शपथ. उजवीकडचे सुटतात आणि डावीकडचे नाहीत, याचा अर्थ आंधळ्यालाही कळेल. शेवटचे कोणी आवळले होते? भाऊजींनी. दुष्टाव्याने आवळले.

पान्ह्याला तीन फुटी पाइप अडकवला आणि पाइपवर उभी राहिले. पान्हा निसटला. हनुवटी बंपरवर. एक दात गेला, तो हलतच होता. बंपरला पोचा आलाय.

भाऊजी डब्यावर बसून बघत होते. म्हणाले, वहिनी, उलट...

मी म्हटलं, मला उलट बोलता?

पान्हा मारला नाही. हातातून सुटला. भाऊजी बसले होते त्या बाजूला सुटला. कानाला तीन टाके. टाके घालून परत आले तरी तोंडात ‘उलट’च. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

गुरुवार, ६.

पाच फुटी पाइप आणला. मुलाच्या दोन मेकॅनिकांना पाइपच्या टोकाला लोंबकळायला लावलं. दोघांचं मिळून एका माणसाएवढं वजन, पण भागलं. नट हलला! पूर्ण फिरला! मग कडाड्‌ करून हातात आला, आतल्या दांड्याचा तुकडा घेऊन.

दांडा मोडला म्हणजे नट निघालाच की. चार वाजेपर्यंत असे तीन निघाले. काम छान पुढे सरकतंय.

चौथ्याला घण घेतला. तेवढ्यात भाऊजी कानाला पट्टी लावून हजर. वहिनी, अहो, ते उलटे...

घण रेड्यासाठी उचलला होता. वळताना भाऊजी मध्ये आले. बरगडीला लागला, तोही नुसता घणाचा दांडा. त्यांनी ग्रीसचा डबा माझ्या डोक्यात घातला. मी त्यांच्या दंडाला चावले. चावणं म्हणजे हात उगारणं नव्हे. डॉक्टरीणबाईंनी तोंडाचं काही सांगितलेलं नाही.

एक मात्र आहे. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना अरेतुरे केलेलं नाही. भाऊजी, तुमचं टाळकं फोडीन म्हणते. तुझं म्हणत नाही. तेही खाली पडल्यापडल्या म्हणाले, वहिनी, सोडा, नाहीतर आपला गळा दाबीन. घराण्याला वळण आहे.

मुलगा सोडवायला आला. त्याच्या पायावर जॅक पडला. अंगठ्याचं हाड. दोन मोठी माणसं बोलत असताना मध्ये पडू नये, हे त्याला लहानपणापासून सांगते आहे.

भाऊजी जाताना म्हणाले, मरा आता, मी एक शब्द सांगणार नाही. म्हटलं, मेहेरबानी.

शुक्रवार, ७.

गॅसची ज्योत लावून नट लाल केले. लोखंड तापलं की फुगतं आणि सुटतं, हे ह्यांनी शिकवलेलं. टायर पेटला. विझवला. माझी डावी भुवई गेली. चेहरा मोकळा दिसतो.

आणखी तीन दांडे मोडले. एकूण सहा. राहिले दोन. उद्या फत्ते.

प्रत्येक दांड्याच्या तोंडावर एक इंग्रजी अक्षर कोरलंय. उभी काठी आणि तिला खाली एकच पाय. कंपनीची निशाणी असेल. मी चौथीपर्यंत शिकले, तेही बाई गैरहजर असायच्या.

आज भाऊजी नव्हते. लक्ष लागत होतं कामात. म्हणजे तसं लागत नव्हतं. एक मेकॅनिक जांभई देताना दिसला, त्याला लाथ घातली. पायाचंही डॉक्टरीणबाई काही बोललेल्या नाहीत.

शनिवार, ८. दुपार.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

नात माझी पट्टी बदलायला गॅरेजात आली. तिच्यामागून भाऊजी. त्यांचीही पट्टी तिलाच बदलायची होती, म्हणून आले, माझ्यासाठी नाही, असं दोनदा सांगितलं. नात चाकापाशी वाकली आणि म्हणाली, आजी, हे एल आहे.

म्हटलं, असू दे.

म्हणाली, एल म्हणजे लेफ्ट. डावं.

म्हटलं, डावं आहे ते मला दिसतंय. त्यावर लिहायची काय गरज?

नात भाऊजींकडे बघायला लागली. भाऊजी उठले. बरगडी धरून आले. माझ्या हातातला पान्हा घेतला आणि मी दिला, याचं मलाच नवल वाटलं. पाइप काढून बाजूला टाकला. उरलेल्यातल्या एका नटाला पान्हा लावला आणि एका हाताने दुसऱ्या दिशेला फिरवला.

च्यूं करून सुटला.

जुन्या जड गाड्यांच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात. चाक पळताना नट ढिले होऊ नयेत म्हणून. सगळं जग ज्या बाजूला आवळतं, त्या बाजूला ते सुटतात. आणि जग ज्या बाजूला सोडतं, त्या बाजूला आवळतात.

बुधवारपासून मी आवळत होते.

भाऊजी हसले नाहीत. हसले असते तर मारता आलं असतं.

मी सांगितलं, मला माहीत होतं. पण मी गाडीकडे तोंड करून उभी होते. समोरून बघितलं की डावं ते उजवं होतं. कोणाचीही गफलत होईल. नात म्हणाली, हो आजी. ती मला कधीच नुसतं हो म्हणत नाही.

शनिवार, पाच वाजता.

चाक निघालं. ड्रमवर चार ठोके, ब्रेक सुटला. दहा मिनिटं लागली. मी म्हटलंच होतं, दहापर्यंतचं काम.

चाक परत चढवायला आठपैकी दोन दांडे शिल्लक. भाऊजी म्हणाले, वहिनी, दोनावर चाक राहणार नाही. नवे दांडे चार दिवसांत मिळतील, पोराकडे चार दिवस मागून घ्या.

पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पुरं झालं. माझ्यात किती फरक पडलाय बघा. सगळं ऐकून घेतलं. मागून मात्र घेणार नाही. पोटच्या पोराकडे मुदत मागायची? त्यापेक्षा एका चाकावर काढीन.

रविवार, ९.

सगळे जमले. मुलगा कुबडी घेऊन, भाऊजी पट्ट्यांत. अशी गर्दी ह्यांना पोचवायलाही नव्हती.

रेडा चौथ्या झटक्यात सुरू. क्लच सोडला. निघाला! आवारभर अंगाखालची जमीन थरथरत होती. मी हॉर्न दाबला, तो दाबलेलाच राहिला. कोपऱ्यापासून फाटकापर्यंत एकोणीस वर्षांच्या मुलीसारखी गेले.

फाटकात डावीकडे दोनदा टक्‌ टक्‌ झालं.

चाक आधी बाहेर पडलं. रेडा मागे राहिला. चाक एकटंच रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरलं. तीन आरसे आणि दोन खुर्च्या फुटल्या आणि एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी खिडकीतून पळालं. रेडा डाव्या कुशीवर बसला तो फाटकाचा खांब घेऊन. माझं नाक स्टिअरिंगवर. मोडलं. रेड्याचंही.

अट काय होती? स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर. नाकाड चार फूट बाहेर होतं. आणि चाक तर रस्त्यापलीकडे पोचलं होतं. मी हे रक्त पुसत मुलाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, आई, उतर.

न्हावी भांडायला आला. त्याला एक लगावली. हातानेच. त्याने परत लगावली. भाऊजींनी त्याला लगावली. बराच वेळ चाललं.

सोमवार, १०.

रेडा फाटकात अडकल्यामुळे गॅरेजात ना गाडी येते ना जाते. कटरवाले सकाळी सातला आले. म्हणजे मुलगा शनिवारीच सांगून बसला होता. आईवर केवढा विश्वास.

तिथेच गॅसच्या ज्योतीने कापायला लागले. पहिल्यांदा छप्पर. मी पाइप घेऊन पहिल्या कटरवाल्यावर गेले, तर भाऊजींनी मागून कवळ घातली. त्यांच्या तोंडावर कोपर मारलं. सोडेनात. दुसऱ्यांदा मारलं. सोडेनात. म्हणाले, वहिनी, मारा, पण आगीत जाऊ नका.

इंजिन उचललं तेव्हा मी बघत नव्हते. चहा पीत होते. चहा नव्हता कपात, पण पीत होते.

चाव्या मुलाला दिल्या. म्हणजे फेकल्या. कपाळाला लागल्या. लागायच्या होत्या तिथे लागल्या, नेम अजून शाबूत आहे.

मंगळवार, ११.

घरी. आराम आहे. किती दिवसांची इच्छा होती. सकाळी नऊपर्यंत आराम झाला.

गुरुवार, १३. साडेबारा.

दहाला भाऊजी आले. त्यांच्या पायाशी त्यांची हत्यारांची पेटी. म्हणाले, तिकडे आता कोणी काही बोलत नाही. गाडीला वायर लावतात, बिघाड काय ते पडद्यावर येतं. माझा बसायचा डबाही उचलून टाकला.

म्हटलं, बसा.

बसले. मी समोर बसले. वर पंखा फिरत होता. आवाज करत होता. मीही वर बघत होते, तेही. पाऊण तास.

मग म्हणाले, बेअरिंग गेलंय.

म्हटलं, बेअरिंग नाही, कंडेन्सर.

म्हणाले, वहिनी, कंडेन्सर गेला तर पंखा फिरणार नाही. म्हटलं, भाऊजी, तुम्ही चाकवाले, मोटरचं मला शिकवू नका. त्यांनी स्टूल ओढलं. मी पेटी उघडली.

अकराला पंखा खाली आला. अर्धा उतरवून, अर्धा पडून. भाऊजींच्या खांद्याला खरचटलं. बेअरिंग चांगलं निघालं. कंडेन्सरही चांगला निघाला. नुसता एक स्क्रू ढिला होता, तो कोणाला सापडत नाही.

पंखा परत बसत नाही. तीन भाग जास्तीचे उरलेत, ते मुळातच नको असणार.

उकडतंय.