बयाबाईच्या वयातली सात वर्षे

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पोलादपूर, जि. रायगड

अर्जदार : येसाजी भिकू उतेकर, वय ७१, धंदा शेती, रा. वरची वाडी, उमरठच्या वर, ता. पोलादपूर

विषय : अर्जदाराची पत्नी सौ. बयाबाई हिचे खरे वय कागदावर येणेबाबत. ते न जमल्यास अर्जदाराची चार वर्षे कमी करून तिला देणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने आपल्या कार्यालयात तीन वेळा तोंडी केलेली विनंती व तिला तीनही वेळा मिळालेले तोंडी उत्तर.

महोदय,

सदर अर्ज अर्जदाराच्या सांगण्यावरून महाडच्या कोर्टाबाहेर बसणारा अर्जलेखक चांगू सकपाळ याने लिहिला आहे. अर्जदाराच्या वाडीत लिहिता येणारे दहा जण आहेत, पण मजकूर त्यांना कळू नये म्हणून अर्जदार एसटीने इतक्या लांब आला. तो बोलतो फार आणि मुद्द्यावर येतो उशिरा. लिहिणाऱ्याने जमेल तिथे कात्री लावली आहे; जे राहिले ते त्याच्या हट्टापायी राहिले, त्याचा राग लिहिणाऱ्यावर नसावा.

तर हकीकत अशी की, ऑक्टोबरच्या चौदा तारखेला भातकापणीच्या वेळी बयाबाई बांधावरून घसरून पडली व तिचे खुब्याचे हाड मोडले. वाडीतल्या चौघांनी डोली करून तिला खाली रस्त्यापर्यंत आणले, तिथून जीपने महाडला. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितले की, सांधा बदलावा लागेल, मुंबईला न्या, आणि महिन्याभरात न्या. नाहीतर ही बाई पुन्हा उभी राहायची नाही, पडून पडून छातीत कफ भरेल. खर्चाचा आकडाही सांगितला. अर्जदाराने तो एकदा ऐकून घेतला, पुन्हा विचारला नाही.

तरीही अर्जदार त्या दिवशी निर्धास्त होता. सत्तरीच्या वरच्या माणसांना शासनाने वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत केले आहेत, उत्पन्नाची अट नाही, हे आशाताई अनुष्का हिने वाडीत येऊन सांगितले होते आणि अर्जदाराचे कार्डही काढून दिले होते. घरात एक कार्ड आले म्हणजे नवराबायको दोघांचे झाले, रेशनकार्डासारखे, असा त्याचा समज. दवाखान्याच्या खिडकीवर त्याने मोठ्या ऐटीत कार्ड पुढे केले. तिथल्या मुलीने विचारले, ‘बाबा, पेशंट तुम्ही आहात का?’ कार्ड ज्याचे त्याचेच असते आणि बाईंचे वय आधारवर सहासष्ट आहे, चार वर्षांनी या, असे ती म्हणाली. मुलगी वाईट नव्हती. तिने पाणी दिले. राज्याच्या दुसऱ्या योजनेसाठी रेशनकार्डावर बयाबाईचे नाव ऑनलाइन लागते. तेही करून पाहिले. तिला घरी आणून खुर्चीसकट दोनदा रेशन दुकानात उचलून नेले, पण जन्मभर शेण-माती करून बोटे झिजली आहेत, अंगठ्याचे यंत्र काही ओळखेना.

आता खरी गोष्ट. ही सांगायला अर्जदाराने लिहिणाऱ्याचा अर्धा तास खाल्ला. बयाबाईचे वय सहासष्ट नाही, त्र्याहत्तर आहे. ती अर्जदाराहून दोन वर्षांनी मोठी आहे.

लग्नात तिच्या वडिलांनी अठरा सांगितले होते. दुसऱ्या वर्षी नाचणीच्या शेतात तिनेच रडत खरे सांगितले. त्यावर अर्जदार म्हणाला, ‘मंग काय झालं गो? मला काय तुला शालंत घालायची हाय?’ विषय तिथेच मिटला. एक्कावन्न वर्षे दोघांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पुढे २०१२ साली आधारवाले वाडीच्या शाळेत आले. अर्जदाराकडे बायका आपले वय आपण सांगत नाहीत, नवरा सांगतो. सगळी वाडी रांगेत, मागे भावजया उभ्या, आणि यंत्रावरचा पोरगा मोठ्याने विचारणारा. प्रत्येक जण आपल्या वयातून पाच वजा करून बायकोचे सांगत होता. त्या दिवशी वरच्या वाडीतली एकूण एक बायको नवऱ्याहून पाच वर्षांनी लहान निघाली आणि सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारी. अर्जदार अठ्ठावन्न, त्याने त्रेपन्न सांगून टाकले. बयाबाई साठीची होती. तिने नुसते त्याच्याकडे पाहिले आणि पदर सारखा केला. तो कसा खूश झाला होता त्या पाहण्याने, हेही लिहा म्हणतो. लिहिले.

आधारवरचे वय आपण बदलू शकत नाही, जन्माची नोंद उशिराने करण्याचा आदेश तेवढा देऊ शकता, मग त्या दाखल्यावर आधार सुधारते, हे आपल्या कार्यालयातील भाऊसाहेबांनी न चिडता तीनही वेळा समजावले. त्याला पुरावा लागतो, तेही बरोबर. बयाबाई शाळेत गेलेली नाही. सुईण वारून जमाना झाला. कोयनेच्या भूकंपात, १९६७ साली, तिने गोठ्यातून धाकट्या भावाला काखेत मारून बाहेर काढले होते, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पण तो भाऊ चंदू गेल्या माघात गेला. तिच्याहून मोठा साक्षीदार आणा म्हणतात. साहेब, माहेर आणि सासर दोन्ही वाड्या धुंडाळल्या. तिच्याहून मोठे कोणी उरलेच नाही. हाच तिच्या वयाचा पुरावा समजण्यात यावा.

तेही नियमात बसत नसेल तर अर्जदाराची पुढील सूचना आहे. लिहिणाऱ्याने ती लिहू नको म्हणून हात जोडले, पण तो ऐकत नाही. अर्जदार एकाहत्तर आणि पत्नी सहासष्ट, मिळून एकशे सदतीस. अर्जदाराची चार वर्षे काढून तिला लावावीत. तो सदुसष्ट, ती सत्तर. बेरीज एकशे सदतीसच राहते, शासनाचे काहीच जात नाही. अर्जदाराला साधा खोकलासुद्धा नाही. त्याला हे कार्ड कशाला? तो कार्ड परत करायला तयार आहे. माझ्या नावावर दाखल करून ऑपरेशन तिचे करा, असेही तो दवाखान्यात बोलून बसला होता. तो गुन्हा आहे, हे त्याला तिथेच सांगण्यात आले.

सोबत दवाखान्याचे कागद, दोघांच्या आधारच्या नकला आणि बयाबाईचे खऱ्या वयाचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. प्रतिज्ञापत्रावर तिचा अंगठा नाही. ती देत नाही. ‘सगल्या वाडीला कलंल. सुना हसतील. इतकी वर्सं झाकलंस ना, मंग आता कशाला उघडतोस?’ असे म्हणून तिने भिंतीकडे तोंड केले. परवा दुपारी तिचा डोळा लागला असता अर्जदार शाईचा डबा उघडून तिच्या हाताशी बसला. बराच वेळ बसला. मग डबा बंद करून ठेवला. असे का केले, विचारले तर म्हणतो, हात गरम होता तिचा. ताप आहे चार दिवस.

तरी एखाद्या बाई कर्मचाऱ्याला लवकर पाठवावे. तिने घरात दुसरे कोणी नसताना बयाबाईला विचारावे आणि अर्जदारालाही बाहेर घालवावे. तो समोर असला की ती सहासष्टच सांगेल.

महिना उलटून गेला आहे, हे अर्जदाराला कळते. माणूस येईपर्यंत उशीर झालाच, तर एवढे करावे. मृत्यूच्या दाखल्यावर वय सहासष्टच लिहावे. तिथे कोणी खरे वय सांगितले, अगदी अर्जदाराने सांगितले तरी, ते धरू नये.

आपल्या दारी चौथ्यांदा आलेला,
येसाजी भिकू उतेकर
(सही)

महाड, दि. २४ नोव्हेंबर २०२५