पाळणा, पट्टा आणि पंप यांस लागणाऱ्या वेळाविषयी

कोचकोरच्या ओरोझबाय व्याहीबुवांना नारिनहून बेशेनबेक मास्तराचा, उजवा हात छातीवर ठेवून, वाकून सलाम.

आपण बरे आहात ना? गुडघे काय म्हणतात? घोड्या दूध देतात का? विहीणबाईंचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे. आमची बुरुल सून म्हणून तक्रारीला जागा देत नसेल (दिली तर मला कळवा, तिच्या आईला कळवू नका). आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो आपला नातू हसायला लागला का? फोनवर हे सगळं विचारता आलं असतं, पण फोनवर मी मुद्द्याशी येण्याआधीच तो बुरुलची आई सोनुनबुबू हातातून काढून घेते. मुद्दा न सांगता बोलण्याचा मला नाद आहे, असं तिचं मत. पत्राला मात्र हात लावत नाही, कारण चष्मा कुठे ठेवलाय ते तिला आठवत नाही. (मला आठवतं.)

तर रविवारी बाळाला पाळण्यात घालायचं, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, आणि पाळणा आणायचा मान आईच्या माहेरचा, म्हणजे आमचा. पाळणा तयार आहे. आर्चाच्या लाकडाचा आहे, वास असा की त्यात मलाच झोपावंसं वाटतं. तो घेऊन सोनुनबुबू, तिच्या दोन बहिणी आणि शेजारच्या चार म्हाताऱ्या माझ्या जुन्या जर्मन व्हॅनमधून यायच्या होत्या. पण मंगळवारी गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसलं. गॅरेजवाल्या जुमादिल उस्तादाने इंजिनाचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि जीभ चुकचुकवली. या चुकचुकण्याला आमच्याकडे डॉक्टरही घाबरतात.

"अगाय," तो म्हणाला (माझा विद्यार्थी, अर्धं नारिन मला अजून अगायच म्हणतं), "पाण्याचा पंप गळतोय. आणि हा दात्यांचा पट्टा बघा, म्हाताऱ्याच्या टाचेसारखा भेगाळलाय. डोलोनच्या खिंडीत तुटला ना, तर झडपा जाऊन दट्ट्यांवर आदळतील. मग तुमच्या म्हाताऱ्या बर्फात आणि पाळणा त्यांच्या डोक्यावर."

मी विचारलं, किती वेळ लागेल? व्याहीबुवा, हा साधा प्रश्न आहे असं मला मंगळवारपर्यंत वाटत होतं. आता वाटतं की हा प्रश्न शाळेत शिकवायला हवा होता.

जुमादिल म्हणाला, पट्ट्याला अर्धा दिवस. मग पंपाला? पंपालाही अर्धा दिवस. म्हणजे पूर्ण दिवस, मी म्हटलं. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी त्याच्याकडे चौथीत बघायचो. "नाही अगाय. दोन्ही मिळून अर्धा दिवस आणि वर एक किटली चहा." अर्धा अधिक अर्धा म्हणजे अर्धा! मी गणिताचा मास्तर नव्हे, कवितेचा, तरी खवळलो. तेव्हा त्याने समजावलं. घरात रजयांची चळत असते ना, खालची रजई हवी तर वरच्या साऱ्या उतरवाव्या लागतात. तिच्याच खालची दुसरीही हवी असेल, तर चळत पुन्हा रचून पुन्हा उतरवता का? पंप पट्ट्याच्या मागेच बसलेला. वेळ खातं ते उघडणं आणि मिटणं.

मी त्या रात्री झोपलो नाही, इतकं मला ते आवडलं. मग कळलं की पट्टा नुसता बदलायचा नसतो. काढण्याआधी चाकांवर खुणा करायच्या, खालचं चाक आणि वरचं चाक एका तालात बसवायचं, कारण डिझेलचा फवारा नेमक्या क्षणी उडाला पाहिजे. एक दाता इकडेतिकडे झाला की संपलं. व्याहीबुवा, हा तर छंद झाला! यती एका अक्षराने सरकला की ओळ लंगडते, हे मी चाळीस वर्षं बाकं बडवून शिकवलं. हिवाळ्यात शेगडी धुरायची, कविता म्हणताना पोरांच्या तोंडांतून वाफा निघायच्या, आणि साऱ्या वाफा एका तालात निघायच्या. एकटी जुमादिलची मागाहून यायची. ती वाफ आठवून माझे डोळे पाणावले आणि तिथेच दोन ओळी सुचल्या:

बाळ तिकडे, पाळणा इकडे, मधे उभा हा घाट;
पट्ट्यावाचून इंजिन माझे बघते माझी वाट.

शेजारचा मामबेट (तीस वर्षं ट्रक चालवला, त्यामुळे कवितेतलंही सगळं कळतं) म्हणाला, "वाट इंजिन नाही बघत, तू बघतोयस. आणि दोन दिवसांच्या खाली हे काम व्हायचं नाही." मी त्याला रजयांची चळत सांगितली. तो म्हणाला, रजयांना गंजके बोल्ट नसतात.

खरं काय ते ठरवायला जुमादिलकडचा जाडजूड जर्मन ग्रंथ उघडला. त्यात प्रत्येक कामाला किती वेळ, ते छापलेलं असतं. या कामाला चार तास. "मग चारच धरू," मी म्हटलं. जुमादिल हसला. "अगाय, तो जर्मन एकटा असतो. त्याची गाडी नवी, बोल्ट चकचकीत, आणि त्याच्या दारात कुणी येत नाही."

हे मी बुधवारी स्वतः पाहिलं. दर थोड्या वेळाने कुणीतरी फाटकातून आत यायचा. आला की सलाम, मग तब्येत, बायकोची, पोरांची, गुरांची, मग इंजिनात डोकावून "पट्टा का?" आणि मग स्वतःच्या पट्ट्याची कहाणी. हातातला पाना खाली ठेवल्याशिवाय वडीलधाऱ्याची विचारपूस करता येत नाही, आणि नारिनमध्ये जुमादिलहून वडीलधारं कोण नाही? जायला निघाला की त्याला पावाचा तुकडा मोडून तोंडाला लावल्याशिवाय सोडायचं नाही. पाव आला की चहा आला. जर्मन ग्रंथात यासाठी एक मिनिटही धरलेलं नाही. मी ग्रंथकर्त्याला पत्र लिहायचा विचार करतोय.

गुरुवारी मला वाटलं, उस्तादाच्या अंगात ताकद आली तर काम सरसर होईल. म्हणून मेंढा कापला. सोनुनबुबू म्हणाली, "शर्यतीच्या घोड्याला शर्यतीआधी कुणी भरपेट चारतं का हो?" बाईमाणसाला मेहनतीची कदर नाही, असं मनात म्हणून मी सुरी मागवली. आता मेंढा शिजला म्हणजे वास फाटकाबाहेर जाणारच. सारे म्हातारे आले. मग मेंढ्याच्या डोक्याचा मान कुणाला? मामबेट माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा, म्हणून मी त्याच्यापुढे सरकवलं; तो म्हणाला यजमान तू नाहीस, गॅरेज जुमादिलचं, तुझाच मान; मी परत सरकवलं. डोकं असं बराच वेळ फिरलं. नंतर रस्सा, नंतर गाणी, शेवटी दोन्ही हात उचलून आशीर्वाद. उस्ताद मांडीचं हाड चोखून, हात पुसून तडक गाडीखाली शिरला. त्याचे नुसते पाय बाहेर दिसत होते. मी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं: पोरगा खुणा जुळवतोय, दाता चुकायला नको. आम्ही अंधार पडेपर्यंत कुजबुजत बसलो. मग गाडीखालून घोरणं ऐकू आलं.

पण व्याहीबुवा, निराश होऊ नका. आज शुक्रवारी सकाळी मी फाटकाला आतून कडी घातली आणि तिला पाठ लावून बसलो. जो आला त्याची विचारपूस मीच फटीतून केली. पंप बसला, पट्टा चढला, जुमादिलने हाताने इंजिन फिरवून खुणा पुन्हा जुळवून पाहिल्या. खुदाने मनात आणलं तर उद्या उजाडताच निघतो. पाहुण्यांना सांगा, नारिनचा पाळणा येतोय. हे पत्र टॅक्सीवाल्या साबिरसोबत पाठवतोय, तो हॉर्न वाजवतोय, म्हणून आवरतो. बाळाच्या कपाळावरचा वास माझ्या वतीने घ्या.

आपला,
बेशेनबेक

ता. क. इंजिन सुरू झालं! अष्टाक्षरीत चालतंय. जुमादिल छाती फुगवून म्हणतो, बघा, अर्धा दिवस आणि एक किटली. बाकीचे दिवस कुठे गेले, विचारलं तर म्हणाला, ते पाहुण्यांचे, कामाचे नव्हेत.

ता. क. दुसरा (फक्त आपल्यासाठी, वाचून चुलीत घाला). गुरुवारचा तो मेंढा म्हणजे आम्ही पाळण्यासोबत तुमच्या दारी आणायचा होता तोच. सोनुनबुबूला वाटतं की मी दुसरा घेऊन ठेवलाय. तिच्या बहिणींनाही तसंच वाटतं. म्हणून विनंती अशी की खिंड उतरल्यावर पहिल्या वळणाला जो पूल लागतो, तिथे आपल्या कळपातला एखादा मेंढा घेऊन मेंढपाळाला थांबायला सांगावं. म्हाताऱ्यांना थंडीत पाय मोकळे करायला मी नेमका तिथेच उतरवीन आणि मेंढपाळाकडून ठरलेला मेंढा घेतो आहे असं दाखवीन. फार लठ्ठ नको, मास्तराला शोभेल असा. पण हडकुळाही नको, विहीणबाई पाठीवरून हात फिरवून बघतील. आणि दारात उतरवल्यावर तो मेंढा तुम्हाला ओळखून तुमच्याकडे धावणार नाही, असाच बघून निवडा.