मुकी पाटी आणि दिनेश नावाचा माणूस

प्रिय तौसिफ,

अक्षर आफशीनचं, तोंड माझं. तुझ्या बहिणीला बजावलंय, मी बोलेन तसं लिही, शाळेतलं मराठी घालून माझा राग पातळ करू नकोस. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. पत्राला होल्डवर ठेवता येत नाही, म्हणून.

साहेब झाल्याच्या खुशीत तू पुण्याहून तुझ्या कंपनीची ती वाचणारी पाटी पाठवलीस. ई-रीडर म्हण, असं आफशीन सांगतेय. तिला लिहू दे, मी पाटीच म्हणणार. मी ती कोरीट रोडच्या मिरचीच्या पथारीवर न्यायला लागले. ओट्यावर उंच ठेवायची, खाली आम्ही बारा बायका मिरचीचे देठ खुडायचो आणि ती गोष्ट वाचून दाखवायची. धडगावकडून आलेली रुखमाबाई दिवसाला चार शब्द बोलणारी बाई, पण तीही सकाळी आल्या आल्या विचारायची, काल कुठं राहिलं? मी ऐटीत सांगायचे, मन्हा नातू साहेब शे तठे.

चौथ्या दिवशी गोष्टीतल्या विधवेनं दार उघडलं, समोरच्या माणसाला बघून तिच्या हातातली घागर पडली, आणि पाटी गप्प. दारात कोण होतं? तीन आठवडे झाले. रुखमाबाई म्हणते मेलेला नवरा, तिच्या शेजारी बसणारी फुलवंताबाई म्हणते पोलीस, आणि दोघी आता एकमेकींना पाणीसुद्धा विचारत नाहीत. ज्या पथारीवर तीस वर्षं माझा शब्द चालला, तिथं मागून कुजबुज ऐकू येते, अख्तरबानोचा नातूही असाच असेल, मध्येच बंद पडणारा.

म्हणून आफशीनकडून तुमच्या कस्टमर केअरचा नंबर लावून घेतला. एक दाबा, तीन दाबा, मग सनई. सहा वेळा वेगवेगळ्या पोरींनी एकच सांगितलं, बंद करून चालू करा. एक म्हणाली, पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. म्हटलं, बाई, वाचता आलं असतं तर ही पाटी कशाला ठेवली असती? तिनं मला पुन्हा सनईवर नेऊन बसवलं. शेवटी म्हणाले, पार्सल करा. काच फुटू नये म्हणून मी ती माझ्या मऊ ओढणीत गुंडाळली. ओढणी कामावरची होती, हे डोक्यातच आलं नाही. आम्हाला आता मिरचीचा वास येतच नाही रे. आठ दिवसांनी पाटी तशीच मुकी परत आली. चिठ्ठीत लिहिलेलं, आत मिरचीची पूड सापडली, चूक गिऱ्हाईकाची.

सातव्यांदा फोन लावला तर एक मुलगा आला. दिनेश बोलतोय, म्हणाला. मी नाव सांगितलं, अख्तरबानो, नंदुरबार. मी सांगितलं, पाटी आधी मुकी झाली, मिरची नंतर लागली, ओढणी माझी कामावरची होती. तर दातांतून हवा ओढत म्हणतो कसा, मॅडम, पथारीवर वापरल्यामुळे वॉरंटी संपलेली आहे, आपली तक्रार बंद करतोय. आणि वर, माझ्या सेवेला पाच तारे द्या.

तौसिफ, मला त्या दिनेशचा सूड हवा. तू तिथंच आहेस, शोध त्याला. त्याला भर उन्हात मिरचीच्या ढिगासमोर बसवायचं, संध्याकाळपर्यंत देठ खुडून घ्यायचे, आणि मग प्रेमानं सांगायचं, दमलास बेटा, जरा डोळे चोळ.

शोधायला फार लांब जाऊ नकोस. मी त्याला फक्त कामावरची ओढणी म्हटलं होतं. आम्ही मिरची वाळवतो त्या जागेला पथारी म्हणतात, हे पुण्याच्या दिनेशला कुणी शिकवलं? आणि खोटं बोलायच्या आधी दातांतून हवा ओढणारा मुलगा मी एकच वाढवलाय. लोणच्याची बरणी फुटली त्या दिवसापासून ओळखते. नाव बदललंस, ते ऑफिसनं दिलं असेल. साहेब नाहीस, त्याचंही काही नाही, मी तरी आजवर कुठल्या साहेबाची दादी होते? पण मला मॅडम म्हणालास, ते गिळलं जात नाही. तेव्हा शिक्षा ऐक. शुक्रवारची सुट्टी काढ आणि ती गोष्ट फोनमध्ये घेऊन ये. बाराजणींसमोर पहिल्या पानापासून, तुझ्या स्वतःच्या आवाजात वाचायची. मी बायकांना सांगून ठेवलंय, पाटी दुरुस्त होऊन शुक्रवारच्या गाडीनं येतेय. मध्येच थांबलास तर रुखमाबाई तुला बंद करून चालू करेल. आणि हो, हे पत्र मी त्याच ओढणीत बांधून ठेवलं होतं. वाचताना डोळ्यांना हात लावला नसशील, अशी आशा आहे.

तुझीच, तक्रार बंद न झालेली,
दादी