तिसरीच्या परिपाठाचा आठवडा

रविवार, ११ जानेवारी २०२६
(तारीख शिवांजलीला विचारून लिहिली आहे.)

चि. सूनबाई अर्पिता हिस मामांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले. उत्तराला लई उशीर केला, राग धरू नको. दोनदा लिहायला बसलो आणि उठलो. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, तिसरीपर्यंत. 'चि.' लिहिल्यावर हात आपोआप 'सौ.' लिहायला जातो, तिथंच थांबतो, मग पुढचं सुचत नाही.

इकडची काळजी करू नको. शेळी बरी आहे. ज्वारी हुरड्यात आली आहे. गॅस मी आठवणीनं बंद करतो, शिवांजली उठून परत बघते. तुझ्या पायाला बुटानं फोड आले होते, त्याला खोबरेल लाव, फोडू नको. तिथं आंघोळीला गरम पाणी देतात का? हे सगळं रविवारी फोनवर विचारायचं असतं, पण फोन पोरीच्याच कानाला असतो आणि तेवढ्यात तुमचा वेळ संपतो.

तू लिहिलंस की मामा, पोरीच्या शाळेचं खरं काय ते कळवा, अडचण असेल तर मी पोलीस ट्रेनिंग सोडून येते. सोडून येऊ नको. हे सगळ्याच्या आधी लिहून ठेवतो. पाडव्यापर्यंत दम धर. एकदा अंगावर वर्दी आली की तुला आणि पोरीला कुणाच्या तोंडाकडं बघायची वेळ येणार नाही.

तर शाळेचं. हा आठवडा परिपाठाला तिसरीचा होता. आता आठवड्याला एकेका वर्गाची पाळी असते. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, बोधकथा, सगळं त्या वर्गाच्या पोरांनीच चालवायचं. शिवांजलीला शनिवारची बोधकथा दिली होती. विहिरीवरच्या चिमणीची गोष्ट, तिनंच रचलेली. सोमवारपासून तिनं ती शेळीला सांगितली, मला सांगितली, चुलीपुढं सांगितली. चिमणी बोलते तिथं आवाज बारीक करायची आणि विहीर बोलते तिथं हंड्यात तोंड घालायची.

मंगळवारी वर्गात मापं शिकवली. वीत, हात, पाऊल. घरी येऊन तिनं दार मोजलं, बाज मोजली, शेळी मोजू देईना म्हणून तिच्याशी भांडली. माझा हात ओढून त्यावर आपली वीत ठेवली आणि म्हणाली, "आबा, तुमचं बोट वाकडं हाय, ते मापात धरायचं का?" मी म्हणालो, मॅडमला विचार. तर दुसऱ्या दिवशी तिनं खरंच विचारलं.

बुधवारचं मागून लिहितो.

गुरुवारी केंद्रप्रमुख आले, पोरांचं वाचन ऐकायला. आपल्या पोरीनं उभं राहून घडाघडा वाचलं, एका जोडाक्षराला अडली नाही. तू लहानपणापासून मांडीवर घेऊन वाचायचीस, त्याचं फळ.

शुक्रवारी बाल आनंद मेळावा होता. पोरांनी आपापला माल मांडून विकायचा. शिवांजलीनं बोरं आणि हरभऱ्याचा डहाळा मांडला. गिऱ्हाईक येण्याआधीच निम्मी बोरं तिनं आणि शेजारच्या पोरीनं खाल्ली. मेळाव्याला आयांना बोलावलं होतं. तुझ्या जागी मी गेलो, बायकांच्या रांगेत टोपी सावरत बसलो. एक बाई म्हणाली, "आण्णा, तुमी इकडं कसं?" तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, ते आमच्या माता-पालक गटातच हाईत." सगळ्या हसल्या. मीही हसलो. शिवांजली मात्र हसली नाही. लांबून माझ्याकडं बघत होती, मी जागेवर आहे का नाही ते.

आता शनिवार. शनिवारी शाळा सकाळची असते, हे मला माझ्या शाळेपासून माहीत आहे. पोर तोंड धुऊन कपडे घालून दारात उभी राहिली. म्हणाली, "आबा, येणी घाला. आज सकाळची शाळा हाय." मी म्हणालो, आज शुक्रवार. ती म्हणाली, "शुक्रवार काल झाला की. मेळावा न्हाय का झाला?" मी तिच्यावर ओरडलो, मोठ्या माणसाला वार शिकवू नको म्हणालो. दाराला कडी घातली. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी भाकरी खात होतो. माझा शनिवारचा उपवास असतो, मारुतीचा, इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता. मग खिडकीतून पोरं घराकडं पळताना दिसली, दप्तराविना, शनिवारी दप्तर न्यायचं नसतं म्हणून. तेव्हा तोंडातला घास तसाच राहिला.

तिला घेऊन शाळेत गेलो, तर मॅडम कुलूप लावत होत्या. म्हणाल्या, "वाट बघितली की आण्णा. आता सोमवारपासून चौथीची पाळी." मी काही बोलण्याआधी पोर म्हणाली, "मॅडम, माझं पोट दुखत होतं."

वाटेत मी तिला म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, "असू द्या आबा. शेळीनं ऐकलीय."

आणि आज तुझा फोन आला. तू विचारलंस, गोष्ट कशी झाली? ती म्हणाली, लई भारी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शेजारीच बसलो होतो. एवढीशी पोर माझ्यासाठी आईशी खोटं बोलते, आणि बोलताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवते, गप बसा म्हणून. म्हणून आज लिहायला बसलो. आता उठणार नाही.

बुधवारचं सांगतो.

बुधवारी शाळा सुटायच्या वेळेला तिला आणायला निघालो आणि मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीपाशी जाऊन बसलो. शाळा पूर्वी तिथं भरायची. आता तिथं सिमेंटची पोती असतात. मी पायरीवर बसून वाट बघत होतो. समोरच्या दुकानातून पंचाक्षरीनं विचारलं, "आण्णा, इथं कशाला बसलाव?"

"पोराला न्यायला आलोय. मास्तरनं लई उशीर लावला आज."

"कुण्या पोराला?"

"रणधीरला."

पंचाक्षरी गिऱ्हाईक तसंच सोडून आला आणि माझा हात धरला. म्हणाला, "चला, शाळा तिकडं गेलीया आता." पाण्याच्या टाकीपाशी आल्यावर मला सगळं एकदम आठवलं. रणधीरचा अपघात, दवाखाना, तुझं तोंड, सगळं. दुसऱ्यांदा झाल्यासारखं झालं. पंचाक्षरीनं मला टाकीच्या कट्ट्यावर बसवलं, पाणी पाजलं.

शाळेत शिवांजली एकटीच फाटकापाशी दप्तरावर बसली होती. "आबा, तुमी रडलाव?" म्हणाली. मी म्हणालो, डोळ्यात धूळ गेली. तिनं माझं बोट धरलं. त्या दिवसापासून रोज सकाळी ती मला आधी वार सांगते. शनिवारीही सांगितला होता. मीच ऐकलं नाही.

मी येडा झालेलो नाही, अर्पिता. सगळं ओळखतो, भाकरी करतो, पोरीची येणी घालतो. मधेच वाट सुटते आणि सुटली हे मला कळत नाही. मला भीती माझी नाही. ती आठ वर्षांची आहे. तिनं चिमणीची गोष्ट सांगायची का मला सांभाळत बसायचं? आणि उद्या मी दाराला कडी घालून कुठं तरी निघून गेलो, तर ती आत काय करील?

म्हणून मी ठरवलं आहे. तिला जळकोटला तुझ्या आईकडं नेऊन ठेवतो. तुझ्या आईचं आणि माझं रणधीर गेल्यापासून बोलणं नाही, हे तुला माहीत आहे. त्यांचं म्हणणं होतं की तुला आणि पोरीला माहेरी न्यावं, आणि मी उंबऱ्यातून त्यांना परत लावलं होतं. आता मी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहीन. गजराबाई दोन शब्द बोलतील, बोलू दे. पंचाक्षरी सोबत यायला तयार आहे. तिथं शाळा आहे, माणसं आहेत. पाडव्यानंतर तू वर्दीत ये आणि तिला घेऊन जा. इथं आणू नकोस असंही म्हणवत नाही आणि आण असंही म्हणवत नाही.

पण तुझ्या होकाराशिवाय मी तिला उचलणार नाही. ती तुझी आहे. तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती जाणार नाही, मला सोडून कशी जाऊ म्हणेल, आणि मी तिला राहा म्हणेन. माझा भरवसा नाही.

म्हणून लवकर कळव. फोनवर कळवू नको. फोनवर तू काय म्हणालीस ते मला दुसऱ्या दिवशी सांगता यायचं नाही. कागदावर लिही, मोठ्या अक्षरात, माझं नाव घालून, "मामा, शिवांजलीला जळकोटला न्या" असं. म्हणजे जायच्या दिवशी मी विसरलो आणि पोरीला धरून बसलो, तर पंचाक्षरी मला ते वाचायला देईल.

तुझ्या पत्राची वाट बघणारा,
बलभीम