मांजर सांभाळायला जातोय

ठमे,

तू ऑफिसमधून येशील तेव्हा मी घरी नसेन, काळजी करू नकोस. चार गल्ल्या पलीकडे एका नर्सबाईंकडे पाच दिवस राहायला चाललोय. त्या परगावी जातायत आणि त्यांच्या म्हाताऱ्या मांजराला दोन वेळा औषध पाजायचंय. प्राणी सांभाळायला माणसं जुळवून देणारी एक वेबसाइट आहे, तिच्यावर मी तुझ्या नकळत अर्ज भरला. कुत्रा सांभाळल्याचा अनुभव चौदा वर्षं, असं लिहिलं. बाईंनी फोनवर विचारलं, "काका, मांजर फार हट्टी आहे, जमेल ना?" म्हटलं, "मी मुलगी वाढवलीय." लगेच हो म्हणाल्या.

आपला भुऱ्या गेल्यापासून सकाळी फिरायला न्यायला कुणी नाही गं. घर खायला उठतं.

भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून खा.

पुढच्या कामासाठी वेबसाइटवाल्यांना माझ्याबद्दल घरातल्या कुणाचा तरी शेरा लागतो, म्हणून तुझा नंबर दिलाय. भुऱ्याला मी डॉक्टरकडे उशिरा नेलं असं तुला वाटतं, ते मला ठाऊक आहे. त्यांनी विचारलं तर खुशाल सांग. फक्त शेवटपर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेवढंही सांग.

बाबा