तुझ्या रक्तातला आकडा

प्रिय वेद्रान,

फोन उचलत नाहीस, निरोप वाचून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद हातात घेतला. माझं अक्षर बघून पाकीट तरी फोडशील. तिकडे ऑस्ट्रियातला, ग्राझचा तुझा पत्ता ब्लाझकडून काढला. तुमच्या रस्सीखेच संघाचा प्रशिक्षक झाला म्हणून काय झालं, त्याच्या पोटात कधी काही राहिलंय का? त्याच्यावर चिडू नकोस, मी त्याला सोडतच नव्हते. बाबा आलुबुखारं वेचायला मळ्यात गेलेत. ते परत यायच्या आत मला हे लिहून पाकीट बंद करायचंय. ते माझ्या खांद्यावरून वाचतील अशी भीती वाटते, आणि असं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

तू केलंस काय, ते जरा तुझंच तुला ऐकवते. अग्निशमन दलात कायमची नोकरी मिळायची होती, त्यासाठी तपासणीला गेलास. रक्तातलं क्रिएटिनिन जास्त निघालं. किडनीचं काम कसं चाललंय ते ज्यावरून बघतात, तोच आकडा, त्याच्यापुढे लाल खूण. दुसऱ्या कुठल्याही गावच्या मुलाने डॉक्टरसमोर बसून विचारलं असतं, की बाई, हे काय आहे? पण तू पडलास आपल्या गावचा. तू विचारलंच नाहीस. लग्न ठरलेलं असताना दोरोतेयाला सांगितलंस की माझं मन उडालं, पिशवी भरलीस, आणि दारात बाबांना म्हणालास, "आईचं मला आलंय." एवढं बोलून सरळ बस पकडलीस. बाबा संध्याकाळपर्यंत त्याच उंबऱ्यावर बसून होते. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "कुणाकुणाला पुरू आता मी?"

सावा नदीच्या काठच्या आपल्या या चार गावांत त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. "त्यांच्याकडे ते आहे," एवढंच म्हणतात. लग्न ठरवताना पोरीचा बाप आधी घर विचारत नाही, घरातलं कोण कसं गेलं ते विचारतो. हस्तांदोलन करताना बायका हळूच तळवा उलटा करून बघतात, पिवळट तर नाही ना. आई गेली तेव्हा तू जेमतेम शाळेत जायला लागला होतास, तुला तिचं डायलिसिसचं यंत्र आठवत असेल नसेल. मला सगळं आठवतं. म्हणून तुझी भीती मला कळते, उगाच शहाणपणा शिकवत नाहीये. पण भीती वाटणं वेगळं आणि न विचारता स्वतःला मेलेल्यांत जमा करणं वेगळं. गाढवा, तू दुसरं केलंस.

दोरोतेया आली होती. दार वाजवलं नाही, सरळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. "मन उडालं म्हणतो तो. ताई, मन उडालेला माणूस निरोप देताना असा रडतो का?" मी खाली बघत कणीक मळत राहिले. मग तीच म्हणाली, "तुमच्या गावाचं नाव ऐकून माझ्या आईने पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला होता. मला सगळं माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं होतं. त्याला सांगा, मला आजारी नवरा चालेल, पळपुटा चालणार नाही." पोरगी तिखट आहे. तुला हीच पाहिजे.

मग पावडरीचं प्रकरण उघडकीला आलं. ब्लाझ चाचरत चाचरत म्हणाला, "ताई, संघातली सगळीच पोरं ताकदीसाठी ती क्रिएटिनची पावडर घेतात, वेद्रानही घेतो. त्याचं तर नसेल ना काही?" माझ्या हातात पालापाचोळा ओढायचं दाताळं होतं, तेच घेऊन मी त्याच्या अंगावर धावले. शेजारच्या मांदाकाकूंनी कुंपणावरून ऐकलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं की वेद्रानने डब्यातली पावडर खाऊन किडन्या जाळून घेतल्या. मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू? ती रात्र मी तुला आणि त्या डब्याला आळीपाळीने शिव्या देत काढली. सकाळी तू घरी टाकून गेलेला रिपोर्ट घेतला आणि पहिल्या बसने शहरात जाऊन डॉक्टर ओर्शुलिचबाईंच्या दवाखान्यात बसले. आईला शेवटी याच बघत होत्या.

त्यांनी रिपोर्टवर नुसती नजर टाकली आणि आधी तुझ्याबद्दल विचारलं. किती वजन उचलतो? तपासणीच्या आदल्या दिवशी काय करत होता? मी म्हटलं, रस्सीखेचीची स्पर्धा होती, संघ जिंकला, मग अख्खं डुक्कर भाजलं आणि पोरं हाडं चोखेपर्यंत बसली होती. बाई मान हलवायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, क्रिएटिनचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. वरून पावडर घेतली, अंगावर असे स्नायू, आदल्या दिवशी दोर ओढला, पोटभर मांस खाल्लं, तर आकडा चढणारच. आकडा चढला म्हणजे किडनी बिघडलीच असं नाही." मी विचारलं, मग पावडरीने किडनी खराब होते की नाही? त्या म्हणाल्या, धडधाकट माणसाने ठरलेल्या मापात घेतली तर तिने किडनी बिघडते असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. पण किडनीचं दुखणं आधीच असेल, किंवा तुमच्यासारखं घर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. "तो निरोगी आहे असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "तो आजारी आहे असंही या कागदावरून मी म्हणणार नाही. त्याला माझ्यासमोर आणा."

इतके दिवस छातीवर धोंडा होता, तो जरा सरकला. पण जीव अजून टांगणीलाच आहे, कारण तू पुन्हा रक्त दिल्याशिवाय खरं काय ते कुणालाच कळणार नाही. आणि तू तिकडे गोदामात कपाटं उचलत, मरणाची वाट बघत बसलायस.

अजून एक गोष्ट बाईंनी सांगितली, ती मी बाबांना सांगितलेली नाही. आपल्याकडचं ते दुखणं गावात म्हणतात तसं विहिरीच्या पाण्याचं नव्हतंच. लांडग्याचं पाऊल म्हणतात ना त्या तणाला, ते गव्हात उगवायचं, त्याचं बी गव्हाबरोबर दळलं जायचं आणि वर्षानुवर्षं भाकरीतून पोटात जायचं. तुझ्या वयाला ते सहसा दिसतही नाही, चाळिशीच्या आसपास डोकं वर काढतं. आणि तू ती भाकरी खाल्लीस कुठे? तू जन्मलास तोवर लढाई होऊन गेली होती, गिरणी बंद पडली होती, शेत पडीक होतं. तू दुकानाच्या पावावर वाढलास. आईच्या हातची, आपल्या शेतातल्या गव्हाची भाकरी माझ्या वाट्याला आली. किती चविष्ट असायची ती, वेद्रान. चुलीतून निघाली की मी पहिला तुकडा मागायची आणि आई कधीच नाही म्हणायची नाही.

तर आता मुकाट्याने ऐक. पावडर आजपासून बंद. काही आठवडे ती अंगातून निघून जाऊ दे. रक्त द्यायच्या आधी दोन-चार दिवस वजनं उचलू नकोस, मांसावर ताव मारू नकोस. मग ओर्शुलिचबाईंकडे ये. त्या तीच तपासणी परत करतील आणि शिवाय सिस्टॅटिन नावाची दुसरी करतील, तिला पावडरीने फरक पडत नाही. लघवी तपासतील आणि सोनोग्राफी करतील. ती दुखत नाही. पोटावर थंडगार काहीतरी चोपडतात आणि बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहतात, काही बोलत नाहीत, तेवढंच जड जातं.

हे मला कसं ठाऊक, असं तू विचारशील. मी उठायला लागले तेव्हा बाई म्हणाल्या, याद्रांका, आलाच आहात तर तुमचंही रक्त देऊन जा. मी हसले, म्हटलं, मी काय दोर ओढते? तरी दिलं. माझाही आकडा वर आला. दुसऱ्या तपासणीतही वर आला. दोन्ही किडन्या आक्रसल्या आहेत. मी कुठली पावडर खात नाही, वेद्रान. ते माझ्याकडे आलंय. डायलिसिस अजून लांब आहे, औषधं आहेत, बाई हात सोडणार नाहीत. तुझी किडनी मला नको आणि तो विषयही काढू नकोस, या गावच्या कुणाची घ्यायला त्या सहजासहजी तयार होत नाहीत. पण बाबांना सांगायचंय. तुझ्यासाठी ते उंबऱ्यावर बसलेले मी पाहिलेत, माझ्यासाठी बसलेले मला एकटीने बघवणार नाहीत. मला भीती वाटते रे, खूप वाटते. म्हणून ये. आधी रक्त दे, आणि रिपोर्ट घेऊन घरी ये. त्यांना माझं सांगेन तेव्हा तू माझ्या शेजारी उभा पाहिजेस, आणि त्याच दमात मला म्हणता आलं पाहिजे, बाबा, वेद्रानला काही झालेलं नाही.

वाट बघणारी, तुझीच,
याद्रांकाताई